आगीचा न्याय मातीवरून करा

होळीच्या मागेपुढे कर्जतकडे जाणारी लोकल बदलापूर सोडून वांगणीकडे निघाली की रुळांच्या दोन्ही अंगांना खाचरांतून धुराच्या बारीक रेघा वर जाताना दिसतात. भाताच्या रोपांसाठी तिथे राब, म्हणजे रोपांच्या जागेवर रचलेला शेण, डहाळ्या आणि पाल्याचा ढीग, भाजला जात असतो. त्याच दिवसांत कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरच्या पट्ट्यात ऊसतोड आटोपत आलेली असते आणि रिकाम्या झालेल्या फडांतलं पाचट पेटवलं जातं. या दोन्ही आगींबद्दल आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाचं मत आता पक्कं झालं आहे. आग म्हणजे कार्बन डायऑक्साइड, कार्बन डायऑक्साइड म्हणजे तापमानवाढ. शिवाय आगीत जमिनीतले जिवाणू मरतात. म्हणून अंबरनाथ तालुक्यातल्या ठाकराचा राब आणि वाळव्याच्या बागायतदाराचं पाचट हे एकाच गुन्ह्याचे दोन नमुने, असं हे मत सांगतं.

मला हे मत मान्य नाही. आग लावावी असं माझं म्हणणं नाही. पाचट जाळू नये याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि राबही आज आहे तसाच चालू राहावा असं मी म्हणणार नाही. पण ज्या मापाने आपण हा निवाडा करतो ते मापच चुकीचं आहे, आणि चुकीच्या मापाने केलेला न्याय एखाद्या वेळी बरोबर निघाला तरी पुढच्या वेळी दगा देतो.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, आणि इथे तो दुहेरी आहे. पहिला पक्ष पर्यावरणाची काळजी करणाऱ्यांचा. जमिनीतून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड जितका कमी, तितकी ती शेती चांगली, असं तो मानतो. आग हा वायू तासाभरात सोडते म्हणून ती सर्वांत वाईट. नांगरट मातीतला कर्ब उघडा पाडते म्हणून तीही वाईट. कार्बन क्रेडिटचा बाजार शेतीच्या दारात आल्यापासून या विचाराला पैशाचंही पाठबळ मिळालं आहे. दुसरा पक्ष पाचट पेटवणाऱ्या शेतकऱ्याचा. तो म्हणतो, जाळलं काय आणि कुजवलं काय, शेवटी सगळं हवेतच जायचं. मग दोन-तीन महिने पाचट तुडवत, पाणी अडवत, उंदीर पोसत कशाला बसायचं? या युक्तिवादाला आपले कृषी-प्रचारक सहसा उत्तर देत नाहीत. ‘जिवाणू मरतात’ एवढंच पुन्हा सांगून पुढे जातात.

हे दोन पक्ष एकमेकांविरुद्ध उभे दिसतात, पण दोघांच्या पायाखाली गृहीतक एकच आहे: किती वायू हवेत गेला, यावर आगीचा निकाल ठरतो. एक म्हणतो वायू जातो म्हणून आग वाईट. दुसरा म्हणतो वायू तसाही जाणारच, म्हणून आग चालेल. मला खोडायचं आहे ते हे गृहीतक.

शेतकऱ्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण त्यात तथ्य आहे. हेक्टरभर उसाच्या तोडणीनंतर साधारण आठ ते दहा टन पाचट मागे राहतं. दहा टन धरलं आणि त्यात ४० टक्के कर्ब धरला, तर तो झाला चार टन. कर्बाचा एक भाग जळून किंवा कुजून पावणेचार भागांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बनतो. म्हणजे हेक्टरी साडेचौदा टनांच्या वर वायू. आग लावली तर तो एका संध्याकाळी जातो. न लावली तर बुरश्या आणि जिवाणू पाचट खातात, श्वास सोडतात, आणि वर्ष-दोन वर्षांत त्यातला बहुतेक कर्ब त्याच हवेत परततो. हा कर्ब गेल्या हंगामात उसाच्या पानांनी हवेतूनच घेतला होता, तो हवेलाच परत मिळाला. म्हणूनच हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या हिशेबपद्धतीत शेतातला पालापाचोळा जाळल्याने निघणारा कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात धरत नाहीत. त्या आगीतून निघणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र धरतात, कारण ते कुजण्यातून तसे आणि तितके निघाले नसते.

म्हणजे केवळ कार्बन डायऑक्साइडपुरतं बोलायचं तर पाचट पेटवणारा शेतकरी बरोबर आहे. हे मान्य करायला आपण कचरतो, म्हणून त्याला पटेल असं उत्तरही आपल्याकडून दिलं जात नाही. घरात आलेला पगारही महिनाअखेर खर्च होऊन जातोच. पण पोरांची पोटं भरून तो संपणं आणि नोटांना काडी लावून तो संपणं यांत फरक आहे की नाही? कर्ब शेवटी कुठे पोचतो हे दोन्ही वाटांवर एकच आहे. जाता जाता तो कोणाला पोसतो, काय बांधून ठेवतो, हे वेगळं आहे.

आता ती वाट जवळून पाहू. पाचटात नत्र जेमतेम अर्धा टक्का असतं, त्यामुळे कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण सत्तर-ऐंशीला एक किंवा त्याहूनही जास्त पडतं. उलट जिवाणूच्या शरीरात हे प्रमाण आठाला एकच्या आसपास असतं. पाचट खाणारा जीव कर्बाचा मोठा भाग ऊर्जेसाठी जाळून श्वासावाटे सोडतो आणि उरलेल्यातून आपलं शरीर उभारतो. शरीर उभारायला त्याला पाचटात आहे त्याहून जास्त नत्र लागतं, ते तो आजूबाजूच्या मातीतून ओढतो. कोवळा खोडवा अशा वेळी पिवळा पडतो, आणि ‘पाचट ठेवलं म्हणून ऊस पिवळा पडला’ असं शेतकरी म्हणतो ते खरंच असतं. टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका, ही शिफारस याच कारणासाठी आहे. तो युरिया पिकाच्या आधी जिवाणूंच्या वाट्याला जातो. पुढे जिवाणू मरतात, त्यांचं शरीर विरघळतं, आणि उसनं घेतलेलं नत्र उसाला परत मिळतं.

जिवाणू आणि बुरश्या मरतात तेव्हा आणखी एक घडतं, आणि गेल्या काही दशकांतल्या मृदाशास्त्राने दिलेला हा मोलाचा धडा आहे. मातीत वर्षानुवर्षं टिकणाऱ्या सेंद्रिय कर्बाचा मोठा भाग अर्धवट कुजलेल्या पानांचा नसतो. तो मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरांचे अवशेष आणि त्यांनी स्रवलेला चिकट पदार्थ यांचा असतो. हे अवशेष चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतात, कणांचे बारीक गोळे बनवतात, आणि त्या गोळ्यांच्या पोटात कर्ब सुरक्षित राहतो. म्हणजे मातीत टिकाऊ कर्ब साठायचा असेल तर आधी तो कोणीतरी खाल्ला पाहिजे, आणि खाल्लं की श्वास आलाच. कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड ही त्या साठ्यासाठी मोजलेली किंमत आहे. किंमत शून्यावर आणायचा हट्ट धरला तर साठाही शून्यावर येईल.

हा केवळ तर्क नाही. दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ माउंट एजकोम्ब इथे ऊस संशोधन संस्थेचा एक प्रयोग १९३९ पासून चालू आहे. काही तुकड्यांत दरवर्षी ऊस पेटवून तोडायचा, काहींत हिरवा तोडून पाचट तसंच पसरून ठेवायचं. सहा दशकांनंतर मोजणी झाली तेव्हा पाचट ठेवलेल्या मातीच्या वरच्या थरात सेंद्रिय कर्ब जास्त आढळला, आणि सूक्ष्मजीवांचं वस्तुमान तर स्पष्टपणे जास्त. फरक वरच्या काही सेंटिमीटरांतच होता, खाली फारसा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. पाचट ठेवून जमीन खोलवर कर्बाने भरून जाते असा प्रचार कोणी करत असेल तर तो खोटा आहे. पण पावसाचा थेंब, पाण्याची पाळी आणि पांढऱ्या मुळ्या यांची पहिली गाठ पडते ती याच वरच्या थराशी.

आता ‘आगीत जिवाणू मरतात’ या वाक्याकडे. पाचटाची आग भडक असते पण झटपट संपते. मातीचं तापमान तीव्र वाढतं ते वरच्या एखाद-दोन सेंटिमीटरांत. त्याखालचं जग जवळपास शाबूत राहतं. वरच्या थरात मेलेल्या जिवांच्या जागीही ओल मिळताच नवे जीव वाढतात. पाचट जाळणाऱ्या शेतकऱ्याने पुढच्या वर्षीही त्याच जमिनीत ऊस पाहिलेला असतो, म्हणून ‘जमीन मेली’ हे त्याला पटत नाही. नुकसान मारण्यामुळे होत नाही, उपासमारीमुळे होतं. दहा टन अन्न दारात येऊन पडलं आणि ते पेटवून दिलं. पुढचं वर्षभर त्या जिवांनी मुळांच्या टाकाऊ तुकड्यांवर आणि जुन्या साठ्यावर गुजराण करायची. नत्राचं नुकसान वेगळंच. अर्धा टक्का म्हणजे दहा टनांत पन्नास किलो नत्र. आगीत त्यातलं बहुतेक उडून जातं, आणि ते भरून काढायला युरियाच्या जवळपास अडीच गोण्या लागतात. पालाश आणि स्फुरद राखेत बरंचसं उरतं, पण राख वाऱ्याने उडते, पाण्याने वाहते. हे गणित शेतकऱ्यासमोर मांडलं तर ‘शेवटी हवेतच जायचं’ याला सरळ उत्तर मिळतं: कर्ब हवेत जाणारच होता, पण तुझं नत्र आणि तुझ्या मातीतल्या या मजुरांचं अन्न जाणार नव्हतं.

इथवर मी दुसऱ्या पक्षाला उत्तर दिलं. आता पहिल्या पक्षाकडे, म्हणजे जमिनीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड कमी तितकं बरं, या मताकडे.

हा वायू मोजण्याची जुनी पद्धत साधी आहे. तळ नसलेला डबा मातीत थोडा रोवायचा, आत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची बशी ठेवायची, वरून हवाबंद झाकण घालायचं. मातीतून येणारा कार्बन डायऑक्साइड सोडा शोषून घेतो. दिवसाने बशी काढायची, शोषलेला वायू बेरियम क्लोराइडने खाली बसवायचा, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे. द्रावण गुलाबी होतं. मग थेंबाथेंबाने आम्ल सोडत जायचं. गुलाबी रंग उडेपर्यंत जितकं आम्ल कमी लागलं, तितका वायू जास्त निघाला. आता यंत्रं हे काम काही मिनिटांत करतात. पण डबा असो की यंत्र, हाती येतो तो फक्त एक आकडा, आणि त्या आकड्यात मुळांचा श्वास किती, पाचट खाणाऱ्यांचा किती, जुना साठा खाऊन जगणाऱ्यांचा किती, हे लिहिलेलं नसतं.

हा आकडा किती फसवा आहे ते पाहा. बदलापूरजवळच्या खाचरात श्रावणात गुडघाभर पाणी उभं असतं. तिथे डबा ठेवला तर कार्बन डायऑक्साइड कमीच भरेल, कारण पाण्याखाली प्राणवायू पोचत नाही. पण त्याच चिखलात प्राणवायूवाचून जगणारे जीव मिथेन बनवत असतात, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट ऊब धरून ठेवतो. आकडा कमी, परिणाम जास्त. दुसरं उदाहरण उसाचं. ब्राझीलमध्ये जबोटिकाबालच्या संशोधकांनी जाळलेल्या आणि न जाळलेल्या उसाच्या शेतांत मोजणी केली, तेव्हा जाळलेल्या जमिनीतून जास्त कार्बन डायऑक्साइड निघताना आढळला, कारण पाचटाचं पांघरूण गेल्याने माती तापते. पण जिथे पाचट ओलं राहून जोमाने कुजत असतं तिथे आकडा उलटही येऊ शकतो. पीक तेच, प्रश्न तोच, आणि आकडा दोन्ही बाजूंना झुकतो.

तिसरं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. १९७६ मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड केंद्रातल्या जेन्किन्सन आणि पॉल्सन यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवांचं वस्तुमान मोजायची जी पद्धत दिली, तिच्यात मातीला क्लोरोफॉर्मची धुरी देऊन जीव मारतात, मग थोडी जिवंत माती मिसळून ठेवतात. वाचलेले आणि नव्याने आलेले जीव मेलेल्यांची शरीरं खातात आणि मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा निघतो. तो लोंढा मोजून किती जीव मेले होते हे काढतात. म्हणजे मातीचा वाढलेला श्वास हा तिच्या जोमाचा पुरावा असतो, तसा कत्तलीचाही असू शकतो. ज्या आकड्याचे असे परस्परविरुद्ध अर्थ निघतात, त्याच्यावर कोणाला शहाणा आणि कोणाला गुन्हेगार ठरवणं हा न्याय नव्हे.

सगळ्या पृथ्वीचा हिशेबही हेच सांगतो. जगभरच्या जमिनी दरवर्षी साधारण नव्वद अब्ज टन कर्ब श्वासावाटे सोडतात. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस सुमारे दहा अब्ज टन सोडतो. नुसत्या आकड्यावरून माती नऊपट दोषी ठरेल. पण मातीने सोडलेलं जवळपास तितकंच झाडं परत घेतात आणि पानं, मुळं, फांद्यांच्या रूपात मातीला देतात. खाणीतून उपसलेला कर्ब असा पुरता परत घेणारं कोणी नाही. प्रश्न नेहमी आवक आणि जावक यांच्या मेळाचा असतो; एकटी जावक काही सिद्ध करत नाही.

या मापाने आता राबाकडे पाहू. ठाणे जिल्ह्याच्या भातशेतीशी राब इतका जुना जडलेला आहे की खाचरांच्या जोडीला वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनी राखल्या जात त्या मुख्यतः राबाच्या कवळासाठी, म्हणजे छाटलेल्या डहाळ्यांसाठी, आणि गवतासाठीच. ब्रिटिश जंगलखात्याने डोंगरांवर हक्क सांगितला तेव्हा कवळ तोडण्यावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. त्या काळच्या अनेक अधिकाऱ्यांना राब म्हणजे जंगल खाणारा अडाणीपणा वाटत होता. पण भारतीय शेतीच्या सुधारणेवर अहवाल लिहिणारे रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या त्या अहवालात राबाची गंभीर चर्चा केली. पुढे १९१२ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह पश्चिम भारतातल्या राबपद्धतीवर स्वतंत्र शास्त्रीय प्रबंध लिहिला. पिंपळे सौदागर गावाच्या पाहणीमुळे मराठी वाचकाला माहीत असलेले मॅन ते हेच. राबाचा गुण केवळ राखेच्या खतात नाही, माती तापण्यातही आहे, हे त्या अभ्यासाने दाखवलं.

माती तापण्याचा गुण कसा येतो ते राब रचण्यावरूनच कळतं. दाढीच्या, म्हणजे भाताची रोपं वाढवायच्या, जागेवर आधी शेणाचा थर, त्यावर ऐनाच्या आणि इतर झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा हलका थर. पेटवायचं ते वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश सरकते. वरच्या मातीमुळे भडका उडत नाही. ढीग धुमसत राहतो आणि उष्णता खाली मुरते. पाचटाची आग नेमकी याच्या उलट.

रॉथॅमस्टेडच्या रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ मध्ये दाखवून दिलं होतं की माती बेताने तापवली की तिच्यात आधी जीव कमी होतात, पण थोड्याच दिवसांत जिवाणूंची संख्या पूर्वीपेक्षा वाढते आणि अमोनियाही वाढतो. जिवाणूंना खाणारे आदिजीव मरतात म्हणून असं होतं, असं त्यांना वाटलं. आज मुख्य कारण निराळं मानलं जातं: उष्णतेने मेलेल्या जिवांची शरीरं हेच उरलेल्यांचं अन्न होतं. अमोनियापासून नायट्रेट बनवणारे जिवाणू उष्णतेला नाजूक असतात आणि सावरायला वेळ घेतात. बीजाणूंच्या रूपात टिकणारे, अमोनिया तयार करणारे जिवाणू तगतात. म्हणून राबाच्या मातीत नत्र अमोनियाच्या रूपात साचतं, आणि भाताच्या रोपाला ते रूप चांगलं मानवतं. मृगाच्या पहिल्या पावसात दाढीवर जी काळीभोर हिरवी रोपं तरारतात, त्यांच्यामागे राखेइतकंच हे मेलेल्या जिवाणूंचं नत्र आहे. तणाचं बी भाजून जातं, माती भुसभुशीत होते, आणि लावणीच्या वेळी रोपं मुळं न तुटता उपटून येतात, हे फायदे वेगळे.

शिवाय क्षेत्राचं प्रमाण पाहा. हेक्टरभर लावणीसाठी दहा गुंठे दाढ पुरते. आग लागते ती शेताच्या दहाव्या भागात. उरलेल्या नऊ भागांत भाताची मुळं आणि धसकटं जागेवरच कुजतात. पाचटात आग अख्ख्या शेताला लागते, आणि जे जळतं ते त्याच शेताला परत मिळायचं अन्न असतं. ‘आग ती आग’ म्हणून या दोन गोष्टी एका ओळीत बसवणाऱ्याला दोन्ही शेतांच्या मातीत काय घडतं हे माहीत नाही, असंच म्हणावं लागेल.

मग राबाला मोकळीक द्यायची का? नाही, आणि का नाही ते याच मापाने ठरतं. राबाची खरी किंमत त्याच्या धुरात नाही; दुसऱ्या जागेवरून आणलेल्या अन्नात आहे. दहा गुंठ्यांच्या दाढीसाठी वरकस आणि डोंगर यांवरचं कितीतरी मोठं क्षेत्र ओरबाडलं जातं. तिथल्या ऐनाच्या डहाळ्या दरवर्षी छाटल्या जातात, पातेरा झाडून आणला जातो, आणि तो पातेरा तिथल्या मातीतल्या ज्या जिवांचा घास होता ते उपाशी राहतात. डोंगर मोठा आणि गाव लहान होतं तोवर हे पेललं. आता वरकस जमिनी विकल्या गेल्या, डोंगर पोखरले गेले, आणि उरलेल्या झाडांवर भार वाढला. शेणाचंही तेच, जाळलेल्या शेणातलं नत्र उडून जातं, कुजलेलं शेणखत मात्र ते राखतं.

पर्याय दूर शोधायला नकोत. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत दाढीला भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची शिफारस आहे. सिलिका आणि पालाश त्यातून मिळतं, आणि तूस भातगिरणीवर फुकट पडलेलं असतं. खाचरात गिरिपुष्पाचा पाला घातला की नत्र डोंगरावरून न आणता बांधावरूनच मिळतं. वांगणीच्या पुढे नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बागेत विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात तर दाढच नाही. गादीवाफ्यांवर बी थेट टोकायचं, नांगरट नाही, चिखलणी नाही, मागच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. गांडुळं परत येतात, आणि पाणी साचून राहत नसल्याने मिथेन बनायला वावही कमी मिळतो. या तंत्रात तणनाशकाचा आधार घेतात, आणि त्याचा मातीतल्या जिवांवर काय परिणाम होतो याकडे डोळसपणे पाहत राहिलं पाहिजे. पण राबाला असा पर्याय पुढे ठेवून ‘हा करून बघा’ म्हणणं आणि ‘तुम्ही हवा बिघडवता’ म्हणून बोट दाखवणं, यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उसाच्या शेतकऱ्याच्या अडचणीही खऱ्या आहेत. तोडणीनंतर पाचट सरीत अडकतं, पहिलं पाणी पुढे सरकत नाही, बुडखे छाटायला मजूर मिळत नाही. त्याला उपदेश नको आहे. पाचटाची कुट्टी करणारं यंत्र वेळेवर भाड्याने मिळालं पाहिजे, एक आड एक सरीत पाचट दाबायला मदत मिळाली पाहिजे, आणि युरिया-सुपर फॉस्फेटचा तो पहिला हप्ता पाचटावर पडला पाहिजे. कारखान्यांनी तोडणीच्या नियोजनात हे धरलं तर पुष्कळ आगी आपोआप विझतील.

अखेरीस अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर यांच्याबद्दल बोलणं भाग आहे, कारण चुकीच्या मापाचा सर्वांत मोठा अन्याय इथेच होतो. उल्हासनगर १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीग्रस्त सिंधी बांधवांसाठी वसलं; आता तिथे शेत जवळजवळ उरलेलं नाही. अंबरनाथ आणि बदलापूरला औद्योगिक वसाहती झाल्या, मग इमारतींचे थर चढले. खाचरांत भराव पडतो, बांध मोडतात, आणि भाताची माती काँक्रीटखाली कायमची बंद होते. त्या मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड शून्याच्या जवळ येतो. ‘कमी वायू म्हणजे चांगली जमीन’ हे माप खरं मानलं तर या तिन्ही शहरांतली सर्वांत निर्दोष जमीन ती ठरेल जी मेली आहे. जे माप मेलेल्या जमिनीला पहिला नंबर देतं आणि जिवंत खाचरातल्या शेतकऱ्याला दोषी धरतं, ते टाकून दिलं पाहिजे.

त्याच्या जागी काय मोजायचं, तेही सांगतो. केंद्र सरकारच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्ब तपासला जातो, पण त्याच शेताचा, त्याच जागेचा, त्याच महिन्यातला नमुना वर्षामागून वर्षं घेतला तरच त्या आकड्याला अर्थ येतो. तसा नमुना घ्यावा. सूक्ष्मजीवांचं वस्तुमान आणि दर वस्तुमानामागे होणारा श्वास यांची चाचणी कर्जतच्या भात केंद्रात आणि पाडेगावच्या ऊस केंद्रात शेतकऱ्यांसाठी खुली करावी. जिवांचं वस्तुमान वाढत असेल आणि श्वास त्या मानाने बेताचा असेल तर माती कमावते आहे. जीव घटत असतील आणि श्वास वाढत असेल तर ती साठा खाते आहे. आणि शेतात काही जाळण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: हे अन्न कोणत्या मातीतून आलं, जाळून कोणाच्या तोंडचं गेलं, आणि त्याबदल्यात मातीला काय मिळालं. या तीन प्रश्नांवर उसाचं पाचट जाळणं नापास होतं. राब थोडा पास होतो आणि डोंगराच्या मातीपुढे नापास होतो, म्हणून त्याला पर्याय द्यायचा. खाचरावर टाकलेला भराव तर मातीच बंद करतो, म्हणून तो सरळ नापास आहे, आणि त्याच्याविरुद्ध आवाज उठवणं हे राबाच्या धुराबद्दल तक्रार करण्यापेक्षा कितीतरी जास्त निकडीचं आहे.